भिंतीपलीकडचे वाफे

शाळेच्या मागच्या भिंतीला, जमिनीलगत, मूठ जाईल एवढं एक भोक होतं. शाळेत त्याची फारशी कोणाला खबर नव्हती, कारण ते भांडी घासायच्या ओट्याआड होतं आणि तिथं वाकून बघायची पाळी शाळेत एकाच माणसावर येई. तिला सगळे मावशी म्हणत. पोरं म्हणत, मोठ्या बाई म्हणत, कधी नव्हे ते येणारे पाहुणेही म्हणत. एवढ्या भाचरांच्या गर्दीत तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं.

दुपारी पोरांची जेवणं उरकली की दोन मोठी पातेली आणि एकशे ऐंशी ताटं ओट्यापाशी येत. मावशी फतकल मारून बसे, चुलीतली चाळलेली राख काथ्यावर घेई आणि हात चालवायला लागे. दोन तास हात थांबत नसे. पाणी ओट्यावरून उतरून भोकातून भिंतीपलीकडे जाई. पलीकडे मावशीचे वाफे होते.

वाफे सहा. मावशीच्या घराच्या आणि शाळेच्या भिंतीच्या मधली ती चिंचोळी पट्टी तिच्या सासऱ्याच्या नावावर होती, पण त्यात दगडगोट्यांशिवाय काही पिकलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी शाळेनं ओटा बांधायला काढला तेव्हा काम मावशीच्या नवऱ्याला मिळालं. तो गवंडी होता. ओट्याचं पाणी कुठं सोडायचं, असं त्यानं तेव्हाच्या हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, सोड कुठंही. गवंड्यानं भिंतीत भोक ठेवलं. चौदा वर्षं त्या खरकट्या, राखेच्या पाण्यावर पालक, मुळा आणि कोथिंबीर अशी काही तरारून आली की बाजारात गिऱ्हाईक मावशीची जुडी ओळखून मागायचं.

मग दोन वर्षांपूर्वी गवंडी परांचीवरून पडला. कमरेखाली पाय होते, पण नावाला. तेव्हापासून तो फळकुटावर बसून ढुंगणानं सरकत वाफ्यांतून खुरपणी करी. मावशीच्या शाळेच्या पगारात घराची मीठमिरची भागे. बाकी सगळं वाफ्यांवर होतं.

यंदा पाऊस दोनदा तोंड दाखवून गेला तो गेलाच. विहिरींनी तळ गाठले. हातपंपावर एक हंडा भरायला अर्धा तास दांडा मारावा लागे आणि शेवटी शेवटी पाण्याऐवजी नुसती घरघर येई. शाळेला मात्र सरकारी टँकर होता, आठवड्यातून दोनदा. त्यामुळे साऱ्या गावात हिरवं म्हणून काही उरलं असेल तर ते मावशीचे सहा वाफे.

त्याच वर्षी शाळेत विज्ञानाचे नवे सर आले. तरुण पोरगा, मनानं सरळ, दाढी नीट न उगवलेली. त्यांनी आल्याआल्या कागद गोळा करायची पेटी ठेवली, प्लास्टिकच्या बाटल्यांचं कुंपण केलं आणि मग त्यांची नजर पाण्याकडे गेली. जिल्ह्यात पर्यावरणाची स्पर्धा होती. वापरलेलं पाणी गाळून त्यावर बाग फुलवायची, असा प्रकल्प सरांनी मांडला. पोरांचे गट पाडले. मुख्य गटाची प्रमुख केली सातवीतल्या भिंगरीला.

भिंगरी मावशीची लेक. एका जागी पाय ठरत नाही म्हणून बापानं हे नाव ठेवलेलं. त्या संध्याकाळी ती मोठा पांढरा कागद गुंडाळून घेऊन आली आणि बापापुढं पसरून बसली.

"बाबा, हे बघ. हा ओटा. इथून पाणी या पहिल्या खड्ड्यात. यात दगड. मग विटांचे तुकडे, मग वाळू, मग कोळसा. आणि मग इकडून पाट काढून बागेत. सगळं मी काढलंय. सर म्हणाले, इंजिनियर पण असंच काढतात."

गवंड्यानं कागद स्वतःकडं फिरवला. लिहिलेलं त्याला धड वाचता येत नसे, पण नकाशा त्याला माणसाच्या चेहऱ्यासारखा कळे. बोट फिरवत तो ओट्यापाशी आला, तिथून भिंतीवर आला आणि थांबला.

"उतार बरोबर धरलायस," तो म्हणाला. "पण यात आपलं भोक कुठंय गं?"

भिंगरीनं कागद स्वतःकडं ओढला. तिनं तो नीट पाहिला, जणू भोक कुठंतरी काढलेलं असेल आणि आता सापडेल. मग ती आईकडं बघायला लागली. मावशी चुलीपाशी होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडं गेली. सर खड्ड्याची आखणी करत होते. तिनं त्यांना ओट्याआड वाकायला लावलं, भोक दाखवलं, मग फाटकातून फिरवून पलीकडे नेलं. फळकुटावर बसलेल्या गवंड्यानं हात जोडले. सर वाफ्यांकडं बघत राहिले, त्यांचे कान लाल झाले.

"मला माहीत नव्हतं, मावशी. खरंच माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार? अर्धं पाणी सोडा, सर. अर्ध्यात भागवते मी."

"मी बाईंशी बोलतो."

ते बोलले असावेत, कारण जेवणाच्या सुट्टीत मोठ्या बाईंनी मावशीला बोलावून घेतलं. बाई मुख्याध्यापक. कडक, पण वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही, इतकंच.

"मावशी, शाळेचं पाणी चौदा वर्षं तुमच्या शेतात गेलं. मी कधी काही बोलले का?"

"नाही, बाई."

"टँकर सरकारचा. उद्या कोणी विचारलं की पाणी कुठं जातं, तर मी काय सांगू? नोकरी तुमचीही जाईल. स्पर्धेची तपासणी होऊ दे. ती झाली, कागद गेले, की मी स्वतः भोक उघडून देते. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. शब्द आहे माझा."

मावशीनं मान हलवली. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि ते भोक बंद करायला बाहेरचा माणूस कशाला आणू? तुमच्याच माणसाला जमेल का? बसून?"

मावशीनं घरी येऊन हे सांगितलं ते रागानंच. तिला वाटलं, तो शिवी हासडेल. गवंड्यानं मात्र कोपऱ्यातली पिशवी ओढली, थापी बाहेर काढली आणि अंगठ्यानं तिची कड तपासली. दोन वर्षांत त्याला कोणी काम सांगितलं नव्हतं.

शनिवारी दोन मोठ्या पोरांनी त्याला फळकुटासकट ओट्यापाशी आणून बसवलं. भिंगरी सिमेंट कालवून देत होती. त्यानं भोकाच्या कडा छिन्नीनं खरवडून घेतल्या, पाणी मारलं, विटेचा तुकडा घासून घासून मापाचा केला आणि बसवला. वरून गिलावा केला, तो जुन्या भिंतीत असा मिळवला की जोड शोधावा लागे. सर म्हणाले, "वा! थेंब जाणार नाही." गवंडी हसला. किती दिवसांनी त्याचे दात दिसले होते.

घरी आल्यावर मावशीचा तोल सुटला.

"एवढं जीव ओतून करायची काय गरज होती? जराशी फट राहिली असती तर कोणाला कळलं असतं?"

"फट ठेवायला मी काय शिकाऊ आहे का?" तो तडकला. रात्रीच्या जेवणात कोणी कोणाकडं पाहिलं नाही.

वाफे एका आठवड्यात उतरले. आधी कोथिंबीर गेली, ती नाजूकच. मग मुळ्याची पानं जमिनीला टेकली. मावशी पहाटे हातपंपावर जाई, दोन हंडे आणी. एक घराला, एक वाफ्यांना. सहा वाफ्यांना एक हंडा म्हणजे थट्टाच. शेवटी दोघांनी मन घट्ट केलं. चार वाफे सोडून दिले आणि कडेचे दोन धरले, कारण त्यांतला पालक बियाण्यासाठी राखला होता. सासूच्या काळापासून तेच बी चालत आलं होतं, बाजारच्या पुडीतलं नव्हे. अंघोळीचं, तोंड धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी त्या दोन वाफ्यांना जाई. गवंडी वाटीनं एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घाली. भिंगरी शाळेतून येताना प्यायच्या बाटलीतलं उरलेलं घोटभर पाणी आणी आणि न बोलता तिथं ओती.

भिंतीच्या अलीकडं, शाळेत, प्रकल्प जोरात होता. खड्डा झाला, पाट झाला, बागेत रोपं लागली, प्रत्येकापुढं पाटी लागली. स्पर्धेच्या कागदात स्वच्छतेचेही गुण होते, म्हणून बाईंनी राख बंद केली. घासायला पांढरी पूड आली आणि ओट्यावर रोज ओतायला निळं, उग्र वासाचं जंतुनाशक. मावशीच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. तिनं ताटं घासली, निळं औषध ओतलं, आणि ते पाणी खड्ड्यातून गाळून बागेकडं जाताना पाहिलं. दगड-वाळूनं खरकटं अडतं, औषध अडत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. चौदा वर्षं ती राखेनंच का घासत होती? गवंड्यानं पहिल्याच वर्षी बजावलं होतं, ओट्यावर साबणाचा कण पडता कामा नये.

पण तिला कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. रोपं पिवळी पडायला लागली. सर पानं उलटून बघत, पुस्तकं चाळत, खत घालत. मावशी काथ्या फिरवत राही. तिला आतून बरं वाटे, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटे. एकदा तर भिंगरी बागेत उकिडवी बसून एका रोपाशी पुटपुटताना तिला दिसली, तेव्हा सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात घंटा झाली आणि ते राहून गेलं.

तपासणीला दोन दिवस उरले तेव्हा मोठ्या बाई संध्याकाळी मावशीच्या दारात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागं सर होते, मान खाली घालून. मावशीनं घाईनं सतरंजी झटकून टाकली. बाई बसल्या नाहीत. त्या वाफ्यांकडं बघत होत्या. सगळीकडं भेगाळलेली माती आणि कडेला ते दोन हिरवेगार पट्टे.

"मावशी, बाग गेली," बाई म्हणाल्या. "परवा जिल्ह्याचे साहेब येणार. ही रोपं तिकडं लावता येतील?"

"पालक उपटून लावायची भाजी नाही, बाई. मान टाकते."

"एक दिवस टिकली तरी पुरे."

"बियाण्याची आहे ती," गवंडी फळकुटावरून म्हणाला. "ही गेली तर पुढं पेरायला काही नाही."

"आम्ही बी विकत आणून देऊ."

गवंड्यानं तोंड फिरवलं. सर एकदम म्हणाले, "बाई, नको. आपण सांगू की प्रयोग फसला. फसतात प्रयोग."

"आणि पोरांना काय सांगायचं? दोन महिने खड्डे खणलेत त्यांनी." बाई मावशीकडं वळल्या. "तपासणी नीट गेली की दुसऱ्या दिवशी भोक उघडते. मी शब्द दिलाय, तो मोडणार नाही. पण नीट गेली पाहिजे."

दारात भिंगरी उभी होती. साहेबांपुढं बोलणार होती ती. महिनाभर आरशापुढं पाठ करत होती. मावशीनं तिच्याकडं पाहिलं आणि रोपं न देण्याचा मावशीचा निश्चय विरघळला. बी गेलं तर जाऊ दे, तिनं मनात हिशेब केला. पाणी परत आलं तर बाजारचं बीसुद्धा उगवेल.

तपासणीच्या दिवशी उजाडताना मायलेकी वाफ्यांत उतरल्या. मावशी खुरप्यानं रोपाभोवती गोल कापी, मातीच्या गड्ड्यासकट ते उचली आणि घमेल्यात ठेवी. भिंगरी घमेलं डोक्यावर घेऊन फाटकातून पलीकडे. गवंडी बाहेर आला नाही. आतून त्याचं खोकणं तेवढं ऐकू येत होतं.

"आई, त्यांनी विचारलं तर?"

"विचारतील तेवढंच सांग. पाठ केलंयस तेवढं. जास्त बोलू नको."

साहेब अकराला आले. सोबत तीन माणसं, एक वही. साहेब वयस्कर होते, हसतमुख, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवणारे. बागेत सावली धरली होती म्हणून पालक अजून ताठ होता. भिंगरी खड्ड्यापाशी उभी राहिली आणि बोलायला लागली. दगड, विटांचे तुकडे, वाळू, कोळसा. कुठं अडखळली नाही. ओट्यापाशी पातेलं धरून उभ्या असलेल्या मावशीचे डोळे भरून आले. आपल्या पोटची पोर एवढ्या माणसांत एवढं बोलते, याचं तिला नवल वाटलं आणि अभिमानही वाटला. त्या क्षणी ती वाफे विसरली होती.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. वाकून त्यांनी पालकाच्या पानाला बोट लावलं. "अशा दुष्काळात काय सुंदर भाजी आलीय. बरं, मला एक सांग बाळ. हा प्रकल्प व्हायच्या आधी हे पाणी कुठं जायचं?"

हे पाठ केलेल्यात नव्हतं.

सर जमिनीकडं बघायला लागले. मोठ्या बाईंनी पदर सावरला. भिंगरीनं भिंतीकडं पाहिलं, तिच्या बापानं मिळवलेल्या गिलाव्याकडं, मग पानांकडं, मग साहेबांच्या चेहऱ्याकडं.

"वाया जायचं," ती म्हणाली.

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. साहेब खूश झाले. त्यांची नजर ओट्याकडं गेली. चांगल्या मनाची माणसं करतात तसं, त्यांना या बाईलाही कौतुकात ओढून घ्यावंसं वाटलं.

"काय मावशी, तुम्ही इतकी वर्षं इथं भांडी घासता. खरं आहे ना? वायाच जायचं ना हे पाणी?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मावशीच्या हातातून पांढुरकं पाणी ठिबकत होतं. तोंड उघडून एकच वाक्य बोलायचं होतं. भिंतीपलीकडे या, साहेब, दाखवते. पण ते बोललं तर पोर खोटी पडणार होती, सगळ्या शाळेसमोर, पाहुण्यांसमोर, छातीवरच्या गटप्रमुखाच्या बिल्ल्यासकट. भिंगरी तिच्याकडं बघत होती. तिचा खालचा ओठ दातात होता.

"हो, साहेब," मावशी म्हणाली. "वायाच जायचं."

"ऐकलंत?" साहेब सोबतच्यांना म्हणाले. "इतकी वर्षं वाया. लिहून घ्या. आजपासून या शाळेचं थेंबभर पाणी भिंतीबाहेर जाता कामा नये. दर महिन्याला आपला माणूस येऊन बघेल. ही शाळा आपण सगळ्या जिल्ह्याला दाखवू."

वहीत लिहिलं गेलं. मोठ्या बाईंनी सही केली. सही करताना त्यांनी एकदा मावशीकडं पाहिलं, आणि पुढं त्या दिवशी पुन्हा पाहिलं नाही. सर साहेबांच्या मागं दोन पावलं गेले, काहीतरी बोलायला त्यांनी हात वर केला, मग तो हात स्वतःच्या केसांतून फिरवला आणि ते थांबले.

चारपर्यंत पालकानं मान टाकली होती. मावशीनं एकशे ऐंशी ताटं घासली, ओट्यावर निळं औषध ओतलं आणि घरी आली. भिंगरी आधीच येऊन उंबऱ्यावर बसली होती. गणवेश बदलला नव्हता.

गवंडी वाफ्यांच्या कडेला होता. "टाळ्या ऐकल्या मी," तो म्हणाला. "झालं ना नीट? मग कधी उघडायचं? छिन्नी काढून ठेवलीय."

"उघडायचं नाही आता."

"म्हणजे? बाईंनी शब्द दिलाय."

"साहेबांनी लिहून नेलं. थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही म्हणून."

"अगं, पण त्यांना कोणी सांगितलं नाही का? इकडं वाफे आहेत म्हणून?"

भिंगरी उठून उभी राहिली. "बाबा, मला विचारलं होतं त्यांनी. मी..."

"मला विचारलं," मावशी मध्येच म्हणाली. "मला विचारलं, आणि मीच वाया जायचं म्हणून सांगितलं."

गवंडी तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं लेकीकडं पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्याला जे कळायचं ते कळलं असावं, कारण त्यानं पुढं काही विचारलं नाही. मग तो फळकुट सरकवत पहिल्या वाफ्यापाशी गेला आणि खुरप्यानं वाफ्याचा बांध मोडून माती सपाट करायला लागला. पाणी नसलेल्या वाफ्यांत पाय अडकून कोणी पडायला नको, असं काहीसं तो पुटपुटला.

भिंगरी त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिनं दुसरं खुरपं घेतलं आणि पलीकडच्या बाजूनं बांध मोडायला सुरुवात केली. कोरडी माती ढेकळांनी सुटत होती. तिच्या गणवेशाला, बिल्ल्याला धूळ लागत होती. एरवी मावशी ओरडली असती, कपडे बदल, अभ्यासाला बस. त्या दिवशी पदर खोचून ती तिसऱ्या वाफ्यात उतरली.